तीन नंबरचं काय झालं?

गाडी विकायचं ठरलं आणि बरोब्बर तिसऱ्या दिवशी ती आजारी पडली.

आता तुम्ही म्हणाल, गाडीला काय कळतंय! मान्य. पण आमच्या आईला विचाराल तर ती ठामपणे सांगेल की तिला कळलं होतं. 'तिला' म्हणजे आमच्या होंडा सिटीला. २००२ सालची, १.५ व्हीटेक, रंग चंदेरी. ज्यांना गाड्यांचं वेड आहे त्यांनी इथे एक उसासा टाकला असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा सांगते. १९९८ मध्ये होंडाने भारतात सिटी आणली आणि २००० च्या सुमाराला तिच्यात व्हीटेक इंजिन घातलं. १०६ हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन जेमतेम टनभर! त्या काळात साध्यासुध्या फॅमिली कारमध्ये एवढी ताकद म्हणजे चष्मा लावणाऱ्या, खाली मान घालून जाणाऱ्या मुलाने गॅदरिंगमध्ये एकदम ब्रेकडान्स करावा तसं होतं. २००३ मध्ये सिटीचं नवं, जास्त समजूतदार मॉडेल आलं आणि ही गेली. तरी अजूनही सिग्नलला कुणीतरी काच खाली करून विचारतंच, "व्हीटेक आहे का? देणार का?"

आमचे बाबा बँकेत ऑफिसर. आयुष्यभर बॉबी प्रिंटचा शर्टसुद्धा न घातलेला माणूस. सगळ्यांनी सांगितलं छोटी गाडी घ्या, अ‍ॅव्हरेज देणारी घ्या. बाबांनी कर्ज काढून ही घेतली. का, ते कधीच सांगितलं नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. रविवारी सकाळी कात्रजच्या जुन्या घाटात आम्ही दोघं जायचो. काटा पाच हजारांच्या आसपास गेला की इंजिनचा आवाजच बदलायचा, गुरगुरणं थांबून ते गायला लागायचं. कॅमवरचा तिसरा, जास्त उंचीचा लोब तेव्हा कामाला लागतो आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळायचं की त्या एका क्षणी बाबा हसतात.

किल्ली ड्रॉवरमध्ये गेली

दोन वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू असल्याचं निदान झालं. समोरचं व्यवस्थित दिसतं, पण बाजूचं दिसत नाही. तेही हळूहळू, चोरपावलांनी होतं, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ताच लागत नाही. बाबांना तो लागला सोसायटीच्या गेटजवळ. डावीकडून एक सायकलवाला पोरगा आला आणि बाबांना तो दिसलाच नाही. पोरगा हुशार, त्याने उडी मारली, कुणाला काही झालं नाही. बाबा वर आले, किल्ली टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "संपलं."

त्यानंतर गाडीचा विषय घरात निघाला नाही. बाबांनी काढला नाही आणि आम्ही काढू दिला नाही. आम्हाला वाटायचं, त्यांना त्रास होईल. डोळ्यांत थेंब घातले का, एवढंच आम्ही त्यांना विचारायचो. मी वीकेंडला येऊन गाडी फिरवून न्यायची, बॅटरी बसू नये म्हणून. पण लग्नानंतर आमच्या बाणेरच्या फ्लॅटला पार्किंग एकच, तिथे नवऱ्याची गाडी. सहकारनगरला बाबांच्या सोसायटीत पार्किंगवरून मीटिंगा सुरू. शेवटी गेल्या जूनमध्ये मी धीर करून म्हटलं, "बाबा, विकूया का?"

ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "बघ तुझं तू."

मी बघितलं. एक पंचविशीतला मुलगा घ्यायला तयार झाला, फक्त फोटो मागितले. म्हणून मी गाडी वॉशिंगला दिली. बॉडी, इंटिरियर आणि वर माझी हौस म्हणून इंजिनही. प्रेशरचं पाणी मारून इंजिन असं चकाचक केलं की त्यात तोंड दिसावं! फोटो जाम भारी आले.

आणि दोन दिवसांनी, सिंहगड रोडच्या फ्लायओव्हरवर चढताना गाडीने पहिला गचका दिला.

"मॅडम, इंजिन खोलावं लागेल"

ज्यांनी मिसफायर अनुभवलेला नाही त्यांना सांगते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. सिग्नलला थांबलात की सीट थरथरते, आरशातली मागची रिक्षा हलताना दिसते. आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी उचलायच्या ऐवजी अडखळते, बोलता बोलता माणूस शब्द गिळतो तशी. मागून कच्च्या पेट्रोलचा वास. गॅरेजच्या भाषेत, "गाडी मिसिंग मारतेय."

मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. (नाव सांगणार नाही, त्यांचीही पोरंबाळं आहेत.) पहिला प्रश्न, "सर नाही आले का?" दुसरा निष्कर्ष, "मॅडम, हे सगळं नव्या पेट्रोलने होतंय. इथेनॉल! जुन्या गाड्यांना झेपत नाही." नवे प्लग टाकले, इंजेक्टर साफ केले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. ६,८०० रुपये. गाडी गेटबाहेर आली आणि पहिल्याच चढावर गचका. परत गेले. आता चेहरे गंभीर झाले होते. "कॉम्प्रेशन गेलं असणार. वीस-बावीस वर्षांचं इंजिन आहे, किती चालणार? खोलावं लागेल. साठ हजार धरून चाला. त्यापेक्षा भंगारात..."

मी तिथून निघाले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते साठ हजारांसाठी नव्हतं. 'भंगार' या शब्दासाठी होतं.

घरी आले. गाडी पार्किंगमध्ये लावली, बंद करायच्या आधी दोन मिनिटं नुसतीच बसून राहिले. वर गेले तर बाबा गॅलरीत उभे.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"एक गेलाय तिचा. चारातला एक. दुसऱ्या मजल्यावर ऐकू येतोय मला." आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, "तीन का दोन, ते बघायला हवं."

चारपैकी कोण?

आमचे बाबा काही मेकॅनिक नाहीत. पण वीस वर्षं दर सर्व्हिसिंगला ते त्यांच्या मेकॅनिकशेजारी स्टूल टाकून बसायचे. हा मेकॅनिक आता सत्तरीचा आहे, गॅरेज बंद केलंय, पण अवजारं विकली नाहीत. बाबांनी स्वतः फोन लावला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो स्कूटरवर अवजारांची पिशवी अडकवून हजर. मी त्याला लहानपणापासून मामा म्हणते.

"मामा, चेक इंजिनचा दिवाच लागला नाहीये," मी म्हटलं.

"लागणारच नाही, ताई. हल्लीच्या गाड्या स्वतः सांगतात कुठला सिलिंडर मिस होतोय ते. ही सक्ती आपल्याकडे २०१० नंतर आली. ही बाई त्याच्या आधीची. हिला विचारावं लागतं."

मग त्याने मला जे समजावलं ते कुठल्याही ऑफिसच्या ट्रेनिंगपेक्षा सॉलिड होतं. सिलिंडरमध्ये धडाका व्हायला तीनच गोष्टी लागतात : पेट्रोल-हवेचं मिश्रण, दाब आणि ठिणगी. तिघांपैकी एक जरी वेळेवर आला नाही तर त्या सिलिंडरची पाळी फुकट जाते. आयडलिंगला, म्हणजे ७५० आरपीएमला, एकेका सिलिंडरची पाळी सेकंदाला साधारण सहा वेळा येते. घाटात सहा हजारांवर नेलीत तर पन्नास वेळा! त्यातली एक चुकली तरी कळते, आणि आमची तर बऱ्याच चुकत होत्या.

"पण आधी एक सांगा," मामा म्हणाला, "पेट्रोलची टाकी किती?"

"एक."

"आणि सिलिंडर चार. पेट्रोल खराब असेल तर चौघांनाही खराब जाईल ना? एकच का रुसेल?"

बघा! एवढी साधी गोष्ट. २०२५ पासून जवळजवळ सगळ्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्याने अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, आणि इतक्या जुन्या गाडीचे रबरी पाइप अधूनमधून बघून घ्यायला हवेत, हे मामालाही मान्य. पण आधी शोधायचं ते हे की सगळे आजारी आहेत की एकटाच आहे. मग औषध.

एकटा कोण, हे शोधायची पद्धत गंमतशीर आहे. गाडी चालू ठेवायची आणि एकेका सिलिंडरला मुद्दाम बंद करायचं. जो नीट काम करत होता तो बंद केला की इंजिन आणखी लंगडतं, आवाज पडतो. आणि ज्याला बंद करूनही काही फरक पडत नाही तो आधीपासूनच कामावर नाही! (आपल्या ऑफिसात ही टेस्ट करायला काय मजा येईल, नाही?) पूर्वी चालू गाडीत प्लगची वायर ओढून हे करायचे. मामाने मला ठणकावून सांगितलं, ते करायचं नाही, तिथे वीस हजार व्होल्टच्या घरात करंट खेळतो. त्याऐवजी इंजेक्टरचा छोटा कनेक्टर काढायचा. म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोलच जात नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाटही लागत नाही.

बाबांनी प्लास्टिकची खुर्ची आणवली. बोनेटपासून पाच फुटांवर बसले आणि डोळे मिटले.

"काढ," मामा म्हणाला. मी एक नंबरचा काढला, बेल्टच्या बाजूने मोजायचे.

"पडला आवाज," बाबा म्हणाले. "एक चांगला आहे. लाव परत."

दोन. "हाही चांगला."

तीन. मी कनेक्टर काढला आणि बाबांकडे बघितलं. ते तसेच बसले होते.

"काढ की."

"काढला बाबा."

त्यांनी डोळे उघडले. "तीन नंबर," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते पाहून मला कात्रजचा घाट आठवला.

खरं बोलणारा, तरी फसवणारा मल्टिमीटर

तीन नंबर आजारी आहे हे कळलं, पण का? आता एकेक संशयित बाहेर काढायचा.

पहिला प्लग. तीन नंबरचा प्लग दोनमध्ये आणि दोनचा तीनमध्ये घातला. प्लग खराब असता तर दुखणं त्याच्याबरोबर दोन नंबरला गेलं असतं. गेलं नाही. प्लग सुटला.

दुसरा इंजेक्टर. इथे बाबा उठले. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पट्ट्यापासून हात लांब ठेवून टोक इंजेक्टरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली, डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तशी. टिकटिकटिकटिक. चारही सारखे वाजत होते. मलाही ऐकवलं. इंजेक्टर उघडमिट करतोय, आणि तो नुकताच साफ केलेला. त्यालाही तूर्त सोडलं.

तिसरी, आणि माझ्या पोटात गोळा आणणारी टेस्ट, कॉम्प्रेशन. चारही प्लग काढले, पेट्रोल आणि इग्निशन बंद केलं, प्लगच्या जागी गेज लावलं आणि मी आत बसून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला. मामा आकडे ओरडून सांगत होता आणि बाबा पेपरच्या समासात लिहीत होते. १७०. १६८. १६५. १७२. साठ हजारांचा निकाल याच आकड्यांवर होता. चारही एकमेकांच्या जवळ, तीन नंबरही बाकीच्यांसारखाच. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सगळं ठणठणीत!

"दाब सगळ्यांचा नीट आहे," बाबा म्हणाले. "या पार्किंगमध्ये माझ्याच डोळ्यांचा तेवढा जास्त."

आम्ही सगळे एकदम हसलो. त्यांच्या डोळ्यांवरून घरात झालेला हा पहिला विनोद.

राहिली ठिणगी. या गाडीत ती डिस्ट्रिब्युटरमधून चार जाड वायरींनी चार प्लगांपर्यंत जाते. वायरीच्या टोकाला लांब रबरी बूट असतो. तो टॅपेट कव्हरमधल्या खोल विहिरीत उतरून प्लगवर बसतो. मी तीन नंबरचा बूट ओढून काढला तर त्याचं टोक ऑइलने माखलेलं. विहिरीच्या तळाची रबरी रिंग इतक्या वर्षांत कडक होऊन गेली होती आणि इंजिनचं ऑइल पाझरून आत येत होतं. नवे प्लग बसवणाऱ्याच्या बोटांनाही ते लागलं असणारच. त्याने पुसलं असेल आणि पुढे गेला असेल.

"सापडलं!" मी म्हटलं.

"थांब," मामा म्हणाला. "ऑइल सापडलं. चोर नाही."

त्याने मल्टिमीटर लावून चारही वायरींचा रेझिस्टन्स मोजला. २५ किलो-ओहमच्या आत असला म्हणजे ठीक. चारही ठीक निघाले, तीन नंबरसुद्धा! मला कळेनासं झालं. प्लग ठीक, इंजेक्टर ठीक, दाब ठीक, वायर ठीक, मग सिलिंडर रुसला तरी कशाला?

मामाने बिडी पेटवायला खिशात हात घातला, मग पेट्रोलचा वास लक्षात येऊन परत काढला. "ताई, घरात नळाला पाणी येतंय का हे बघितलं आपण. पाइप मधेच गळतोय का, हे मीटर नाही सांगत. त्याला फक्त तार अखंड आहे की तुटली एवढंच कळतं." आणि आकाशाकडे बघून, "रात्री येतो. अंधार पडला की."

अंधारातली टिकटिक

रात्री साडेनऊला सोसायटीच्या वॉचमनला विनंती करून पार्किंगचे दिवे बंद केले. बोनेट उघडं, इंजिन चालू, मामाच्या हातात इस्त्री करताना वापरतात तशी पाण्याची फवाऱ्याची बाटली. आयडिया अशी : वायरीचं रबर कुठे फाटलं असेल तर वीज प्लगपर्यंत जायचे कष्ट घेणार नाही, तिथूनच जवळच्या धातूवर उडी मारेल. ओलाव्यात जास्तच. आणि अंधारात ती दिसेल.

अंधारात बाबांना फारसं दिसत नाही. त्यांना खाली आणू नये, असं आईचं मत होतं. ते माझा दंड धरून जिना उतरले आणि सकाळच्याच जागी बसले.

मामाने हलकासा फवारा मारला. एक नंबर, काही नाही. दोन, काही नाही. तीन.

"शूऽऽ," बाबा म्हणाले. "ऐका."

आम्हाला इंजिनशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी वाकले, कान जवळ नेला. इंजिनच्या घुमण्याखाली एक बारीक, कोरडी टिक... टिक... टिक. आणि मग दिसलं. तीन नंबरच्या विहिरीच्या कडेला, रबराच्या खालून, निळा धागा चमकला आणि गेला. परत चमकला.

"बाबा, दिसली! ठिणगी बाहेर उडतेय!"

"रंग कसला आहे?"

"निळा. जांभळट निळा. केसाएवढी बारीक आहे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उडतेय. आता गेली... आता परत."

मी बराच वेळ सांगत राहिले. मामाने फवारा मारणं कधीच थांबवलं होतं, तरी मी सांगत होते आणि बाबा मान डोलवत होते. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना दिसत नाही ते सांगितलंच नव्हतं कधी. फक्त हात धरून त्यांना पलीकडे नेत होते.

गाडी बंद केली, बूट काढून टॉर्चखाली धरला. ऑइलने मऊ पडलेल्या रबराला सुईच्या टोकाएवढं भोक, आणि त्याच्या आत पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. वीज एकदा का तिथून गेली की जळून कार्बनची पायवाट करते आणि मग दर वेळी त्याच वाटेने जाते. चढावर जास्त त्रास का, तेही मामाने सांगितलं. जोर लावला की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, मग विजेला बाहेरची वाट आणखी सोपी वाटते.

"पण ताई, रबर तर कधीपासून मऊ झालं असणार. आत्ताच का फुटलं? पाणीबिणी गेलं होतं का?"

मी गप्प. प्रेशरचं पाणी मारून चकाचक केलेलं इंजिन माझ्या डोळ्यांसमोर आलं. विकायला म्हणून मी तिला नटवलं, आणि तेच पाणी त्या विहिरीत जाऊन बसलं. पाणी दोन दिवसांत वाळलं, पण वाट तशीच राहिली.

"माझ्यामुळे झालं, बाबा."

"तुझ्यामुळे सापडलं," ते म्हणाले. "ऑइल तर आधीपासून गळत होतं. ते आपण कुणीच बघितलं नव्हतं."

चारही आहेत

सोमवारी ऑफिसला दांडी मारली आणि नाना पेठेत गेले. चार वायरींचा सेट, प्लगच्या विहिरींच्या चार रिंगा, टॅपेट कव्हरचं पॅकिंग. मंगळवारी संध्याकाळी मामाने कव्हर उघडलं, पण या वेळी पाना माझ्या हातात होता. "आवळू नकोस गं जोर लावून, अ‍ॅल्युमिनियम आहे ते," असं बाबा खुर्चीतून चार वेळा म्हणाले. विहिरी पुसून कोरड्या केल्या, डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून बघितली, ती ठीक होती. सगळं मिळून साडेचार हजार, त्यात मामाने मजुरी म्हणून घेतलेलं आईच्या हातचं पुरणपोळीचं जेवण धरलेलं नाही.

रात्री पुन्हा दिवे बंद, पुन्हा फवारा. काळोखात काहीच चमकलं नाही. बाबा बराच वेळ ऐकत राहिले.

रविवारी सकाळी सहाला मी त्यांना उठवलं. कात्रजचा जुना घाट, हलका पाऊस, काचा अर्ध्या खाली. दुसऱ्या गिअरमध्ये, रस्ता मोकळा बघून, मी काटा वर जाऊ दिला. तीन हजार. चार. पाचच्या जवळ आवाज बदलला. मी बाबांकडे बघितलं नाही, वळण होतं. पण त्यांचा आवाज ऐकू आला.

"चारही आहेत."

घरी येऊन मी त्या घेणाऱ्या मुलाला फोन केला. काय झालं होतं, काय बदललं, कॉम्प्रेशनचे आकडे, सगळं खरं सांगितलं. आणि मग म्हटलं की गाडी आत्ता द्यायची नाही. तो बिचारा गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, ती १६५ वाली पण चांगलीच आहे हं. द्यायची झाली तर मला पहिला फोन करा."

करीन. गाडीचं पासिंग २०२७ पर्यंत आहे. दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन फिटनेस दाखवायचा, पर्यावरण कर भरायचा, मग पुढची पाच वर्षं. २०२७ ला बघू, असं बाबा म्हणालेत. पार्किंगच्या मीटिंगला हल्ली ते स्वतः जातात आणि भांडतातही, म्हणजे तो प्रश्नही सुटल्यातच जमा आहे.

बाबांचे डोळे आहेत तसेच आहेत. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही, असलेलं सांभाळायचं असतं, त्यासाठीच ते थेंब. पण आता शनिवारी मी घरी गेले की थेंबांचा प्रश्न दुसरा असतो. पहिला मी बोनेट उघडून, खालून, गॅलरीकडे बघत ओरडून विचारते.

"बाबा, कशी वाटतेय?"

आणि ते वरून सांगतात.